गूळ-पाणी प्यायलेली गाडी

आमच्या गाडीत माझ्या सासूबाई बसत नाहीत. गाडी आता झकास चालते. बिल्डिंगखाली स्टिल्ट पार्किंगमध्ये प्लग लावून ठेवला की सकाळी तयार. आवाज नाही, धूर नाही, मुलुंडहून ठाण्याला जाऊन आलं तरी पेट्रोलचा काटा जागचा हलत नाही. नवरा घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे सगळं अजून रंगवून सांगतो. त्याने सांगायला सुरुवात केली की आई उठून स्वयंपाकघरात जातात, नळ सोडतात आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासतात. पाहुणे निघाले की मग बाहेर येतात.

नवरा सेल्समध्ये आहे. लोकांना नको असलेल्या वस्तू गळ्यात मारण्यात त्याची अर्धी हयात गेली. अशा माणसाला कोणी शेंडी लावू शकणार नाही असं मला वाटायचं. पण विकणाऱ्याला विकणं सगळ्यात सोपं असतं, त्याची नुसती थोडी स्तुती करायची. गाडीच्या दलालाने तेच केलं. जुहूच्या कुठल्याशा बंगल्यातली गाडी, मालक परदेशी गेले, एकच हात फिरलेला, आणि साहेब, अशी गाडी समजणारं गिऱ्हाईक हल्ली मिळत नाही. झालं. तिथेच आमचा साहेब गार.

प्लग-इन हायब्रिड म्हणजे काय, हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही सांगेन. गाडीत मोठी बॅटरी असते आणि पेट्रोलचं इंजिनही असतं. घरी प्लग लावायचा, रोजचं जाणंयेणं बॅटरीवर करायचं. बॅटरी संपली तर इंजिन आहेच, म्हणजे रस्त्यात कुठे अडकायची भीती नाही. हे शेवटचं वाक्य त्याचं फार आवडतं होतं. कुठे अडकायची भीती नाही, असं तो दोन्ही हात पसरून म्हणायचा. गाडी परदेशी कंपनीची होती, आपल्याकडे फारशी खपलेली नव्हती, पार्ट मिळायला वेळ लागतो, हे मात्र त्याने कधी हात पसरून सांगितलं नाही.

आता आईंचं सांगते, कारण गाडी खरी त्यांच्या नावाने घेतली होती. म्हणजे कागदावर नाही, बोलण्यात. आईंची थोरली बहीण, नवऱ्याची मावशी, मालाडला राहायची. दोघींचे नवरे एकाच गिरणीत. गिरणी बंद पडली तशी बिऱ्हाडं हलली, एक पूर्वेला मुलुंडला आली आणि दुसरी पश्चिमेला मालाडला. दोन्ही घरांतली पोरं शिकली, ऑफिसात चिकटली. बहिणी सणावाराला भेटायच्या. मग आई बाथरूममध्ये घसरल्या, कंबर कायमची गेली, आणि डॉक्टरांनी रिक्षाचे धक्के बंद म्हणजे बंद करून टाकले. तेव्हापासून दोघी फक्त फोनवर.

फोन रोज दुपारी, जेवण झाल्यावर. प्रेमाचं बोलणं वगैरे म्हणाल तर नाव नको. दोघी एकमेकींना सोलून काढायच्या. मावशींची जीभ म्हणजे विळी. त्यांच्या मुलाकडे कधीपासूनच डिझेलची गाडी होती. थोरलीने धाकटीकडे आधी जायचं नाही म्हणून त्या स्वतः तीतून कधी आल्या नाहीत, पण ती गोष्ट मावशींनी आईंना एक दिवस विसरू दिली नव्हती. तुझो झील सायब झालो म्हणतत, मगे सायबाची गाडी खंय? हा प्रश्न रोज. आई फोन ठेवून त्यांना अस्सल मालवणी शिव्या घालायच्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फोनला दोन मिनिटं उशीर झाला तर बेचैन व्हायच्या.

मी एकदा वैतागून म्हटलं, मी कॅब बोलावते, एसी गाडी, मागे उशा लावते, चला. आईंनी ते मावशींना सांगितलं. मावशींनी फोनवरच निकाल दिला. फोन स्पीकरवर होता, मी भाजी निवडत होते.

"भाड्याच्या गाडीन इलंस तर दार उघडूचंय नाय मी. झिलाच्या गाडीन ये."

दोघी हसल्या. पण आईंच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यानंतर कॅबचं नाव काढलं की त्या मान फिरवायच्या. मग त्या हिवाळ्यात मावशींचं हृदय थकलं. जिना बंद झाला, घरातल्या घरात चालणंही कमी झालं. आता आईंना जगात एकच गोष्ट हवी होती. मुलाच्या गाडीतून मालाडला उतरायचं आणि बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं. आणि उतरताना बहिणीने बघायला हवं, हेही होतंच. नवऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, आई, गाडी आली की पहिल्या रविवारी मालाड.

गाडी आली त्या दिवशी आईंनी नवं लुगडं नेसून खाली येऊन पूजा केली. बिल्डिंगमधली निम्मी माणसं गोळा झाली होती. नवरा सगळ्यांना गाडीभोवती फिरवत होता, सीट दाखवत होता, बाजूचं झाकण उघडून चार्जिंगची जागा दाखवत होता, इथून प्लग लावायचा वगैरे. आईंनी हळद-कुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. बा म्हाराजा, ही लक्ष्मी आज दारात इली हा, तिका सांभाळ, तिच्यात बसतल्यांका सांभाळ, आणि तिका मालाडचो रस्तो दाखव. आम्ही सगळे हसत म्हणालो, व्हय म्हाराजा. आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी कच्छी आहेत, तेही म्हणाले.

आणि मग आईंनी गूळ-पाणी दिलं. आईंच्या गावाकडे दारात पहिल्यांदा आलेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. माणूस असो, गाय असो. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मलाही दिलं होतं, घाटावरची म्हणून नाक मुरडत का होईना. आईंनी तांब्यात गूळ कालवून आणलाच होता. बॉनेटवर दोन थेंब शिंपडून भागलं असतं. पण समोर ते झाकण उघडं होतं, आणि गाडी खाते-पिते ती इथून, हे आताच मुलाने सगळ्यांना दाखवलं होतं. आईंनी पळी भरली आणि अगदी मायेने, पाळण्यातल्या बाळाला पाजावं तशी त्या भोकांत ओतली. एक नाही, दोन पळ्या.

नवऱ्याने बघितलं नाही असं नाही. त्याने फोटो काढला. लगेच बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, आईचा आशीर्वाद. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. मलाही त्या क्षणी काही खटकलं नाही, मी पेढे वाटत होते.

पहिले काही दिवस गाडी चार्ज झाली. नवऱ्याने त्या दिवसांत ऑफिसातल्या प्रत्येकाला घाटकोपरपर्यंत फिरवून आणलं. साडूला नेलं, जिमवाल्या मित्राला नेलं, ज्याच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं त्या शाळेतल्या मित्राला मुद्दाम फोन करून नेलं. आई रोज विचारायच्या, माका बसवतंस कधी? तो म्हणायचा, तुझा रविवार ठरलाय ना. आईंनी मालाडसाठी बॅग भरली. एका रात्रीसाठी लुगडं, मावशींना आवडतात म्हणून कुळथाची पिठी आणि सोलं. आणि रविवारच्या तोंडावर चार्जरवरचा हिरवा दिवा लाल झाला.

वाट लागली. प्लग काढला, घातला, काढला, घातला, लाल तो लालच. मग आमच्याकडे रोज एक नवा गुन्हेगार पकडला जायला लागला. आधी सोसायटीचा इलेक्ट्रिशियन, त्याने वायर हलकी टाकली. मग सेक्रेटरी, त्यांना आपली गाडी बघवत नाही. मग दलाल, त्याने आतली बॅटरीच बदलून गळ्यात मारली. झाकणाच्या कडेला लाल मुंग्यांची रांग लागली होती. ती नवऱ्याने रुमालाने झटकली आणि सोसायटीला लांबलचक मेल लिहिला की स्टिल्टमध्ये स्वच्छता नाही, पेस्ट कंट्रोल करा. मुंग्या कुठे चालल्यात हे मात्र त्याने वाकून बघितलं नाही. वाकायचं कशाला, शहाणा माणूस.

मी म्हटलं, अरे पण पेट्रोलचं इंजिन आहे ना? तूच सांगतोस ना, कुठे अडकायची भीती नाही? पेट्रोल टाक आणि आईंना ने. तो म्हणाला, तुला कळत नाही. मी म्हटलं, काय कळत नाही ते तरी सांग. आमच्यात अहो-जाहो नाही, आम्ही एका कॉलेजातले. शेवटी खरं बाहेर आलं. मालाडच्या मावसभावाला त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं की ही गाडी फुकटात चालते, तू डिझेल जाळत बस. आता त्याच मावसभावाच्या दारात पेट्रोल जाळत, बंद चार्जरची गाडी घेऊन गेलो तर तो काय म्हणेल? पोपट होईल ना माझा.

म्हणजे पोपट होऊ नये म्हणून आई घरात. मी त्याला म्हणायचं ते सगळं म्हटलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. तो सेल्समन आहे, शिव्या खाऊन उभा राहायचं त्याला शिक्षणच दिलेलं असतं. आणि मग त्याने आईंसमोर जाऊन, त्यांच्या पलंगाच्या कडेला बसून, गोड आवाजात सांगितलं:

"पेट्रोलवर चालवली ना, की हिची बॅटरी खराब होते, आई. थोडं थांब. पार्ट बसला की पहिलं मालाड."

आईंनी मान डोलावली. मी दारातून मोठ्याने म्हटलं, काही खराब होत नाही, आई, तुमचा मुलगा थापा मारतोय. तर आई माझ्यावरच उखडल्या. त्याची गाडी, त्याका कळता, तू मध्ये पडा नको. मुलाची वस्तू आपल्यासाठी बिघडू नये, एवढंच त्या बाईच्या डोक्यात. मी कपाळावर हात मारून घेतला.

थांबली नाही ती गाडी. अंधेरीच्या वर्कशॉपला त्याने ती स्वतः चालवत नेली, पवईवरून, पेट्रोलवर, आणि तशीच परत आणली. दोनदा. मी विचारलं, अंधेरीपर्यंत जाते तर पुढे मालाड काय अमेरिकेला आहे? तो म्हणाला, वर्कशॉपला नेणं वेगळं. कसं वेगळं ते मला आजपर्यंत कोणी समजावलेलं नाही. अंधेरीहून येताना एकदा त्याने वाट वाकडी करून जुहूहून भेळ बांधून आणली होती. आईंनी ती खाल्ली नाही, दाताचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्या खेपेला वर्कशॉपवाल्यांनी चार्जिंगची जागा खोलली आणि आतला फोटो त्याच्या फोनवर पाठवला. पितळी पिनांवर काळा चिकट थर, त्यात अडकून मेलेल्या मुंग्या. गोड काहीतरी गेलंय आत, असं त्यांनी कळवलं. अख्खा सॉकेट बदलावा लागेल, बाहेरून मागवावा लागेल, किती आठवडे ते सांगता येणार नाही.

तो घरी वर आलाच नाही. खालूनच फोन केला, आईला घेऊन खाली ये. संध्याकाळची वेळ, खाली बाकावर नेहमीची मंडळी बसलेली, सेक्रेटरीही होते. आईंना वाटलं मालाडला निघायचंय. त्यांनी घाईघाईने केसांवरून फणी फिरवली, ती भरून ठेवलेली बॅग माझ्या हातात दिली, आणि एक हात कंबरेवर ठेवून लिफ्टपर्यंत आल्या. मीही मूर्ख, बॅग घेऊन निघाले.

खाली त्याने झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च आत मारला. आईंना मान धरून वाकवलं असं मी म्हणणार नाही, पण खांद्यावर हात ठेवून वाकायला लावलं. ज्या बाईला खाली पडलेला चमचा उचलता येत नाही तिला.

"बघ. बघ काय घातलंस. कोणी सांगितलं होतं तुला?"

आई हळूच म्हणाल्या, गूळ-पाणी. नव्यान इल्ली म्हणान. बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. सेक्रेटरी म्हणाले, अरे, गाडीला डायबिटीस झाला. मग सगळेच हसले. आणि सगळे हसले म्हणून याला जास्त चेव आला. सगळ्यांसमोर तोंडावर आपटलो याचा राग कुठेतरी काढायला हवा होता, आणि सगळ्यात मऊ जागा समोरच कंबर धरून उभी होती.

"इतकी वर्षं मुंबईत राहून गावठी ती गावठीच राहिलीस. आता मालाड विसर. पुन्हा ह्या गाडीला हात लावायचा नाही."

मी बॅग खाली ठेवली, माझा फोन काढला, ग्रुपवर वर वर सरकत गेले आणि त्यानेच टाकलेला फोटो त्याच्या नाकासमोर धरला. आईचा आशीर्वाद. पळी झाकणाच्या आत, स्पष्ट. मी म्हटलं, हा कोणी काढला? तेव्हा डोळे कुठे ठेवले होतेस? बाकावरचं हसणं थांबलं. त्याने फोटो बघितला आणि त्याच जागी उभं राहून ग्रुपवरून फोटो काढून टाकला. त्याला तेवढंच सुचलं. आई मात्र मलाच म्हणाल्या, पुरे, चल वर. लिफ्टमध्ये त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, पिठीक पोरकिडे लागतीत, बॅगेतसून काढ.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोनवर त्यांनी सगळं मावशींना सांगितलं. बिल्डिंगमध्ये झालेला अपमान गाळून, बाकी सगळं. मला वाटलं आता विळी चालणार. पण मावशी हसायलाच लागल्या. इतक्या हसल्या की खोकला लागला, मागून सुनेचा आवाज आला, पाणी घ्या. खोकत खोकत त्यांनी विचारलं, गूळ खंयचो घातलंस गो? काळो काय पिवळो? आईही हसल्या. त्या संध्याकाळपासून पहिल्यांदाच हसल्या. मग रोजचा प्रश्नच बदलला. तुझा वासरू चरता काय गो आता? असं मावशी विचारायच्या, आणि आई म्हणायच्या, अजून नाय, औषध चालू हा.

औषध काही येत नव्हतं. पार्ट बंदरात आहे, पार्ट कस्टममध्ये आहे, पार्ट आला पण चुकीचा आला. बिल्डिंगमध्ये गाडीला शुगरवाली म्हणायला लागले. नवऱ्याने तिच्यावर कव्हर घातलं. मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. एकदा आईंना पुन्हा म्हटलं, सोडा ना तो हट्ट, कॅब करू, मावशी काय खरंच दार लावणार आहेत का? आई म्हणाल्या, तसा नाय गो. ती वाट बघता ती गाडीची. आता भाड्याच्या गाडीन गेलंय तर झील नेणा नाय असो अर्थ होतो. म्हणजे मुलाची लाज राखायची. ज्याने भर बिल्डिंगसमोर यांची काढली, त्याची.

फोनवर मावशींचा आवाज पातळ होत गेला. वाक्यं लहान झाली. शेवटी शेवटी तर त्या नुसतं विचारायच्या, वासरू? आणि आई म्हणायच्या, येता येता. बस, एवढाच फोन.

रविवारी सकाळी मालाडहून मावसदिराचा फोन आला. तो नवऱ्याच्याच मोबाइलवर आला. नवरा ऐकत उभा राहिला, हो हो म्हणाला, फोन ठेवला आणि आईंना सांगायच्या आधी गाडीची किल्ली हातात घेतली. मला ते नीट आठवतं, आधी किल्ली. मग तो म्हणाला, आई, मावशी गेली, चल, निघूया.

आई भिंत धरून उठल्या. खाली त्याने कव्हर ओढून काढलं, दार उघडलं, आईंना हात धरून मागे बसवलं. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. कव्हराखाली इतके दिवस धूळ खात पडलेली गाडी पहिल्या बटणाला सुरू झाली, आणि गेटमधून बाहेर पडली. एवढंच होतं ते. एवढ्यासाठी आम्ही पार्टची वाट बघत होतो.

पवईला नेहमीची गर्दी, गाडी मुंगीच्या पावलाने. इंजिनची घरघर पायांखाली लागत होती. आई खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच त्यांनी विचारलं, ही आता कशार चलता? नवरा आरशात न बघता म्हणाला, पेट्रोलवर. आई बरं म्हणाल्या. त्याने एसी वाढवला. गोरेगाव गेलं, मालाड आलं. आईंच्या गाऱ्हाण्यातला रस्ता गाडीला बरोबर सापडला.

मावशींना हॉलमध्ये ठेवलं होतं. त्यांचा पलंगही तिथेच, खिडकीला चिकटून होता, आडवा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येईल असा. मला कळेना हा इथे का. मावसदिराने आईंना खुर्ची दिली आणि रडत रडत सांगितलं, "मावशी, आई आतल्या खोलीत झोपायलाच तयार नव्हती. पलंग इथेच लावून घेतला. खाली गेट दिसतं ना. कुठली पांढरी गाडी आली की मला उठवून बघायला लावायची." आमची गाडी पांढरी आहे. नवरा दारात चपला काढत होता, तो तिथेच थांबला.

मावसदीर फार मोठ्या मनाचा आहे असं नाही, पण त्याने गाडीचं एक अक्षर काढलं नाही. ज्याच्या टोमण्याला हा इतके आठवडे घाबरत होता तो माणूस आपल्या आईचे पाय धरून बसला होता. त्याला आमची गाडी कशावर चालते याचं काही पडलं नव्हतं.

तोंडात पाणी घालायची वेळ आली. सगळ्यांनी घातलं. आईंची पाळी आली तेव्हा त्यांनी तुळशीचं पान ठेवलं, पळीभर पाणी घेतलं, आणि सांडेल म्हणून मी मनगट धरायला गेले. त्यांनी माझा हात बाजूला केला. अगदी सावकाश, एक थेंब न सांडता त्यांनी ते पाणी बहिणीच्या ओठांत सोडलं. मग वाकून कानाशी म्हणाल्या, इलंय गो. झिलाच्या गाडीन इलंय. उघड दार. बायका हुंदके द्यायला लागल्या. आईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मला मात्र त्या क्षणी नवऱ्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि ती इच्छा अजून पुरती गेलेली नाही.

पुरुष स्मशानातून परतले, सगळं आटपलं, दुपार उतरत आली. आम्ही खाली आलो. नवरा मागचं दार उघडून उभा होता. आई गाडीजवळून, दाराला पदरही न लावता पुढे गेल्या. गेटबाहेर गेल्या आणि कंबरेवरचा हात काढून रस्त्यावर हात केला. रिक्षा थांबली. मी धावत गेले, म्हटलं, आई, अहो कंबर. मुलुंड किती लांब आहे. त्या आत चढत होत्या, दांडा धरून, दात आवळून. म्हणाल्या, बस तरी, नायतर मी एकटी जातंय. मी बसले.

कंबर मोडून काढणारा तो रस्ता. मेट्रोचं काम, पत्रे, खड्डे. प्रत्येक खड्ड्याला त्यांची बोटं माझ्या मनगटात रुतत होती. जोगेश्वरी ओलांडली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, आधीच येवक होया होता माका, असाच. मी मागे वळून बघितलं. आमची गाडी आमच्या मागे होती. रिक्षाच्या मागे, रिक्षाच्या वेगाने.

माझा फोन वाजला. नवरा होता. तो रडत होता, लग्नानंतर मी त्याला पहिल्यांदा रडताना ऐकलं. म्हणाला, आईला सांग ना, गाडीत बसायला सांग, मी बाजूला घेतो, तिची कंबर जाईल. मी फोन आईंच्या कानाजवळ धरला. त्यांनी तो घेतला नाही. माझ्याकडे बघून, नेहमीच्या आवाजात, पण त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या:

"इचार त्याका, इतक्या पेट्रोलवर चलवता, आता बॅटरी खराब होणा नाय?"

मी विचारलं नाही, त्याने ऐकलं होतं. फोन चालूच होता, पलीकडून फक्त इंजिनचा आवाज येत होता. मुलुंडपर्यंत तो आमच्या मागेच राहिला.